लवकर या, बिघडलंय

मित्रांनो, कोरियाच्या दक्षिण टोकाला, हेनामजवळच्या एका कोबी पिकवणाऱ्या गावात अठरा वर्षे स्वयंपाकघराचा कोपरा अडवून बसलेला मी एक जुना फ्रीज आहे. साधा फ्रीज नव्हे, किमचीचा, म्हणजे कोबीच्या आंबट-तिखट लोणच्याचा. मला वरून उघडणारी दोन झाकणे आहेत. आतल्या डब्यांतली किमची गोठू द्यायची नाही आणि जास्त आंबूही द्यायची नाही, एवढेच माझे काम.

ग्वांगजूच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मालसून बाईंनी परसात पुरलेले किमचीचे रांजण उकरून काढले आणि मला घरात घेतले. त्या विधवा होत्या, जिभेने तिखट. शेजारणी झाकण उघडून चव पाहत. "वसंत सरला तरी कुरकुरीत," असे त्या म्हणाल्या की मला धन्य वाटे.

नवव्या वर्षी या घरात सून आली. थोआ तिचे नाव, माहेर व्हिएतनामचे. मालसून बाईंचा मुलगा दोंगशिक समुद्री शेवाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला होता, पंधरा-पंधरा दिवस घरी नसे. तेव्हा या दोघी आणि मी, असे तिघेच घरात. त्या दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि मला कोणतीच भाषा बोलता येत नव्हती.

त्याच हिवाळ्यात मी पहिल्यांदा बंद पडलो. मालसून बाई बहिणीकडे गेल्या होत्या. माझी घरघर थांबली, तळाशी पाणी साचले. थोआने दुरुस्ती केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारले, "लक्षण काय आहे?" थोआला उत्तर देता आले नाही. तिने फोन कानाशी धरून ठेवला आणि शेवटी ठेवून दिला. चार दिवसांनी सासू परतली तेव्हा साठ गड्ड्यांची किमची आंबून गेली होती.

"तोंड शिवलं होतं का तुझं?" मालसून बाई म्हणाल्या.

थोआ खाली मान घालून डबे घासत राहिली. मला माझीच लाज वाटली. गुन्हा माझा होता आणि बोलणी तिला बसत होती.

ग्वाक मिस्त्री येऊन मला दुरुस्त करून गेला. तो जाताच मालसून बाईंनी एक कागद घेतला, त्यावर ठळक अक्षरांत चार वाक्ये लिहिली आणि तो माझ्या अंगावर चिकटवला. गोजांग नास्सॉयो, म्हणजे बिघडलंय. सोरीगा आन नायो, आवाज येत नाही. मुरी सॅयो, पाणी गळतंय. पाल्ली वा जुसेयो, लवकर या.

मग रोज भात शिजेपर्यंत तालीम चाले. मालसून बाई भाताचा डाव कानाला लावून फोनवरची मुलगी होत.

"हां, बोला. लक्षण काय?"

"बिघडलंय. आवाज येत नाही."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"अगं, इतकं हळू बोललीस तर ते उन्हाळ्यात येतील. भांडायला लागल्यासारखं बोल."

"पाणी गळतंय. लवकर या," थोआ ओरडायची आणि मग दोघी हसायच्या. या घरातले पहिले हसू माझ्या बिघाडातून आले, हे सांगताना मला आजही थोडा अभिमान वाटतो. पुढे थोआ हळूहळू बरेच बोलायला शिकली. भाजीवाल्याशी घासाघीसही करू लागली.

पण मित्रांनो, सुखाचे दिवस मोजकेच असतात. चौदाव्या वर्षी, मार्च महिन्यातल्या एका सकाळी मालसून बाई माझ्यासमोरच कोसळल्या. हातातला डबा फरशीवर आपटला. त्यांचे तोंड वाकडे झाले होते, कडेने लाळ गळत होती. उजवा हात लुळा पडला होता. थोआने रुग्णवाहिकेचा एकशे एकोणीस नंबर फिरवला.

पलीकडच्या माणसाने विचारले, "लक्षण काय आहे?"

पाच वर्षांत शिकलेली सारी भाषा त्या क्षणी तिला सोडून गेली. राहिली ती कागदावरची चार वाक्ये आणि थोडे तुटके शब्द.

"बिघडलंय," थोआ म्हणाली.

"काय बिघडलंय, ताई?"

"आई. आवाज येत नाही. एक बाजू चालत नाही. पाणी गळतंय."

"कधीपासून?"

"आत्ता. आठ वाजता. लवकर या. लवकर या."

तो माणूस हसला नाही. त्याने पत्ता विचारला आणि ती बोलत राहावी म्हणून गाडी पोहोचेपर्यंत फोन चालू ठेवला.

मालसून बाई वाचल्या. गावाने थोआची वाहवा केली. पण दोन महिन्यांनी घरी आली ती वेगळीच बाई. त्यांचा पलंग स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत घातला होता. त्या तिखट जिभेतून आता एक शब्द धड निघत नव्हता. थोआने माझ्या अंगावरचा तो कागद काढून त्यांच्यासमोर धरला. पुन्हा तालीम सुरू झाली, फक्त गुरू बदलला होता. मालसून बाई कधी चिडून तोंड फिरवत, कधी रडत. कितीतरी दिवसांनी एका दुपारी त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले. "पाणी गळतंय." त्यांनी पलंग ओला केला होता. थोआने चादर बदलली. "छान बोललात, आई," ती म्हणाली. त्यानंतर तीन वर्षे त्यांच्याकडे जवळजवळ तेवढेच एक वाक्य होते. ते उच्चारताना त्या भिंतीकडे पाहत.

गेल्या शरद ऋतूत, कोबी काढणीला आली असताना, त्या गेल्या.

मीही पुन्हा बंद पडलो. ग्वाक मिस्त्रीने माझी पाठ उघडली आणि लगेच मिटली. "याचे सुटे भाग आता बनत नाहीत," तो म्हणाला. मला गोठ्याशेजारच्या शेडमध्ये हलवले. आता माझ्यात खताची पोती असतात.

एकदा थोआ आणि दोंगशिक शेडमध्ये कांदे निवडत बसले होते. तो म्हणाला, "तू होतीस म्हणून आई आणखी साडेतीन वर्षं जगली."

थोआ कांद्याच्या साली झटकत राहिली. मग म्हणाली, "आई कोसळल्या त्याच्या दोन दिवस आधी जेवताना त्यांच्या हातातून चमचा पडला. दोनदा. मी उचलून दिला."

"मग?"

"त्या म्हणाल्या, काही नाही, हात गारठलाय. मला खरं वाटलं नाही. पण पुढं कसं विचारायचं ते येईना. चुकीचं बोलले असते तर त्या हसल्या असत्या. म्हणून गप्प बसले."

दोंगशिकने हातातला कांदा बाजूला ठेवला.

मित्रांनो, माझा आवाज थांबला की घरातले लोक त्याच दिवशी फोन करत. ज्या हातांनी मला चौदा वर्षे पुसले त्यांची चौकशी मात्र कोणी केली नाही आणि त्या हातांच्या धनिणीने स्वतःही केली नाही. वस्तू जपा, हे तर मी सांगेनच. पण ताटावर बसलेल्या माणसाच्या हातून चमचा पडला, तर तो नुसता उचलून देऊ नका. विचारा. शब्द चुकले तरी चालतील.