चौथ्या ठोक्याआधीची उसंत

मित्रांनो, माझं लंगडणं बरं केलं असतं तर फिटरला काय काय मिळणार होतं, ते आधी ऐका. मुकादमाची शाबासकी, दुपारची बिनघोर डुलकी आणि सासऱ्यासमोर ताठ मान. सासरा त्याच कारखान्यात जुना फिटर होता आणि जावयाच्या हाताला गुण नाही, हे जेवणाच्या सुट्टीत चवीने सांगायचा. तेव्हा फिटर माझ्या मागे हात धुऊन लागला होता, त्यात नवल नाही.

मी एक जुना घण आहे. हातात धरायचा नव्हे; दोन माणसांएवढा उंच, हवेच्या दाबावर चालणारा. तापून लाल झालेलं लोखंड ऐरणीवर ठेवायचं, पायाने पट्टी दाबायची, की मी वरून आदळायचो. माझ्याखाली गाड्यांचे आस घडले. ते कोणकोणत्या रस्त्यांनी गेले, कुणास ठाऊक. छपराच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात धूळ तरंगायची, आणि मला वाटायचं, दूर कुठेतरी ती चाकं फिरताहेत आणि त्यांच्या पोटात माझे ठोके निजलेले आहेत.

माझी एक झडप झिजली होती. तीन ठोके सरळ पडायचे, चौथ्याला मी वरच्यावर अडकायचो. एक श्वास घ्यावा इतकाच. मग पडायचो. फिटरच्या लेखी हा रोग होता. मला चालवणाऱ्या मेस्त्रीच्या लेखी ती उसंत होती. तेवढ्यात तो लांब दांड्यांच्या सांडशीने लाल आस एक वळसा फिरवून घ्यायचा. मनगट वळवताना पुटपुटायचा, "थांब जरा." जणू मी त्याच्याच शब्दाखातर थांबत होतो. पुढे पुढे मलाही तसंच वाटायला लागलं.

फिटर नवी झडप घेऊन तीनदा आला आणि तीनदा परत गेला. मेस्त्रीचं उत्तर ठरलेलं, "फिटरसाहेब, तुमचा हात लागला की हा सुधारेल आणि माझा हात बिघडेल."

यात एक गोम होती. कारखान्याने सगळ्यांना कानात घालायची रबरी बोंडं दिली होती. मेस्त्रीची बोंडं डब्याच्या पिशवीतून कधी बाहेर आली नाहीत. ती घातली तर माझी उसंत ऐकू कशी येणार? आणि नजर तर लोखंडावरून हलवायची सोय नव्हती. फिटर म्हणायचा, झडप बदलू द्या, म्हणजे बोंडं घालता येतील. मेस्त्री हसायचा. फिटर स्वतःच्या फायद्यासाठी बोलत होता हे खरं. पण स्वार्थी माणूसही कधीकधी बरोबर बोलतो.

मेस्त्रीची धाकटी मुलगी शाळा सुटल्यावर दाराबाहेरच्या बाकावर बापाची वाट बघत बसायची. तिचा अभ्यास वहीत कमी आणि बाकावर जास्त. पेन्सिलीने तीन ठोके, जरा थांबणं, मग चौथा. मोठी झाली आणि ड्रम वाजवायला लागली. हेवी मेटल नावाच्या दणदणाटी संगीताचा बँड काढला.

तोवर मेस्त्री ठार बहिरा झाला होता. कारखाना बंद पडला, मला हिरवा रंग फासून अंगणात शोभेला उभं केलं आणि फिटर तिथेच राखणदार झाला. बोलायला दुसरं कुणी नसल्यामुळे तो माझ्याशी बोलायचा. म्हणाला, धाकटीचं एक गाणं फार गाजतंय. तीन ठोक्यांनंतर सगळी वाद्यं अचानक गप्प होतात, ती ओरडते "थांब जरा", आणि मग चौथा ठोका पडतो. कुणी म्हणतं, ते युद्धाविरुद्ध आहे. कुणी म्हणतं, बंद पडणाऱ्या काळजाचं आहे. एका विद्वानाने त्या शांततेवर चार पानं लिहिली. मला माझी झडप आठवली आणि रंगाखाली गुदगुल्या झाल्या.

घरी मात्र बाप एकच विचारायचा, "माझ्या ठोकण्यातून आस निघाले. हिच्या ठोकण्यातून काय निघतं?" तिने कागदावर लिहून दिलं, की बाबा, हे गाणं तुमचं आहे. त्याने तो कागद चष्म्याच्या घरात ठेवला आणि बायकोला खूण केली, की पोर माझं मन राखते आहे. मुलीच्या जिवाला ते लागलं.

मग एका दुपारी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. फिटरने तिचा जड स्पीकर माझ्या ऐरणीवर चढवला. तिने बापाचे दोन्ही पंजे माझ्या अंगावर टेकवले आणि गाणं सुरू केलं.

कितीतरी वर्षांनी माझ्या पोलादात थरथर उठली. आपण झोपेत चालतो आहोत असं वाटत होतं. मेस्त्रीच्या कपाळावर आठी होती. एक, दोन, तीन, आणि सारं थांबलं. त्याचं उजवं मनगट आपोआप वळलं. हातात सांडशी नव्हती, लाल आस नव्हता. तो मनगटाकडे बघत राहिला. पुन्हा तीन ठोके, पुन्हा मनगट वळलं. मुलीच्या ओठांवर त्याने आपलेच दोन शब्द वाचले.

"ही झडप कुणी बदललेली नाही," तो म्हणाला. फिटरने मान खाली घातली.

गाणं संपलं तरी त्याने पंजे काढले नाहीत. मग खिशातून एक डबी काढून तिच्या हातावर ठेवली. आत रबरी बोंडं होती, कोरी करकरीत.

"मी घातली नाहीत," तो म्हणाला. "तू घाल."

ती वाजवायला बसली की आता कानात तीच असतात, असं फिटर सांगतो.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. यंत्राची झिजलेली झडप वेळेवर बदला आणि आपले कान सांभाळा. माझी बदलली असती तर हे गाणं झालंच नसतं, हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणतो, बदला. या साऱ्यात धाकटीला नाव मिळालं, ऐकणाऱ्यांना गाणं मिळालं, विद्वानाला चार पानं मिळाली, मला रंग मिळाला. फिटरला सासऱ्याचे टोमणे तेवढे मिळाले. आणि या सगळ्याची किंमत मेस्त्रीने एकट्याने भरली, दोन्ही कानांनी.