थियाने फोन केला

कॉलेज सुरू होण्याआधी आम्हा सगळ्या नव्या मुलांना दारूबद्दलचा एक कोर्स घरबसल्या संगणकावर करावा लागला. मी टीव्ही बघत बटणं दाबली आणि शंभरातले पंच्याण्णव मिळवले. माझी रूममेट थिया लिंडक्विस्ट हिने मात्र वही भरून टिपणं काढली होती. आयोवात डुकरं पाळणाऱ्यांच्या घरातली मुलगी, सांगितलं ते खरं मानणारी. त्या कोर्सात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मैत्रीण शुद्धीवर नसेल तर मदतीसाठी फोन करा, फोन करणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

सप्टेंबरात फुटबॉलच्या पहिल्या सामन्याला मी सकाळपासून पार्किंगमध्ये लिंबू सरबतातून व्होडका पीत होते. दुपारी वरच्या मजल्यावरच्या मुलांनी मला उचलून खोलीत आणून टाकलं. झोपू दे, उतरेल, असं थियाला सांगून ते सामन्याला गेले. थियाने घड्याळ लावून माझे श्वास मोजले. मिनिटाला सात. आठच्या खाली गेले तर जिवाला धोका, असं तिच्या वहीत होतं. तिने लगेच अॅम्ब्युलन्स बोलावली. अजून थोडा उशीर झाला असता तर आपण बोलत नसतो, असं डॉक्टर माझ्या आईला म्हणाले.

अॅम्ब्युलन्सबरोबर आलेल्या कॉलेजच्या रक्षकाने आमचा छोटा फ्रिज उघडला. आत बिअरचे सहा डबे होते, सगळे माझे. एकविशीच्या आतल्यांना दारू जवळ ठेवायला बंदी होती. दहा दिवसांनी दोघींना पत्रं आली. मी पेशंट, म्हणून मला माफ. थियाला वर्षभराची ताकीद, वसतिगृहाच्या स्वागतकक्षातलं तिचं पगारी काम गेलं आणि तोच कोर्स पुन्हा करायचा. फोन केल्याबद्दल शिक्षा नाहीच, डब्यांबद्दल आहे, असं पत्रात होतं. डबे माझे आहेत, असं मी लेखी दिलं. खोली दोघींची आहे, असं उत्तर आलं. मी ते पत्र भिंतीवर फेकून मारलं. थिया ते उचलून अपील लिहायला बसली.

तिची गोष्ट मजल्यामजल्यावर पोचली. त्यानंतरच्या शनिवारी वरच्या मजल्यावरचा ब्रॉडी असाच पडला, तेव्हा त्याच्या मित्रांनी फोन केला नाही. त्याला पिकअप ट्रकच्या मागे घालून ते स्वतःच हॉस्पिटलला निघाले. वाटेत त्याच्या फुफ्फुसात उलटी गेली. अकरा दिवस तो श्वासाच्या मशीनवर होता. जगला, पण आता सावकाश बोलतो, शब्द शोधत. त्याचे आईबाप त्याला घरी घेऊन गेले.

थियाने केलेल्या अपिलाची सुनावणी त्यानंतर झाली. मी तिच्या शेजारी बसले होते. शिस्तीचा कारभार बघणाऱ्या हॅवरकँपबाईंनी पेपरमिंटची वाटी आमच्यापुढे सरकवली आणि ही शिकायची संधी समजा, असं म्हणाल्या. ती वाटी उचलून खिडकीबाहेर भिरकावावी असं मला वाटलं. थियाचा आवाज चढला नाही.

"बाई, कोर्समध्ये होतं तसंच मी केलं. आता मुलं काय शिकली ते ब्रॉडीच्या आईला विचारा."

"ते प्रकरण वेगळं आहे," बाई म्हणाल्या.

"ब्रॉडीची मित्रमंडळी आधी मला विचारायला आली होती," थिया म्हणाली. "फोन केला तर काय होतं म्हणून. मी माझं पत्र दाखवलं. खोटं कसं बोलणार होते?"

हे मलाही माहीत नव्हतं. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. शिक्षा कायम राहिली.

थियाने कोर्स पुन्हा केला नाही. डिसेंबरात तिने कॉलेजातून नाव काढून घेतलं आणि घराजवळच्या लहान कॉलेजात गेली. सामान गाडीत भरताना मी तिची माफी मागायला लागले, तर म्हणाली, "तू पुन्हा पडलीस ना, तरी मी फोन करीन. पण पडू नकोस गं."

मी तेव्हापासून प्यायलेली नाही. राग मात्र तसाच आहे. दर ऑगस्टला नवी मुलं स्वागताच्या कार्यक्रमाला येतात, तेव्हा मी सभागृहाच्या दाराशी उभी राहून आम्हा दोघींच्या पत्रांच्या प्रती वाटते आणि प्रत्येकाला सांगते, तरीही फोन करा. यंदा रक्षकाने मला तिथून हटवलं. मी रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर गेले. तो शहराचा आहे, कॉलेजचा नाही.