सुंदरबाईंचा खांदा, बायनाबाईचा कान

"बायने, कोणीकडं गेली गं बाकीची?" सासूबाईंनी विचारलं.

बायनाबाई उसाकडे बघत बसली होती. कडेला एक रानडुक्कर आडवं पडलं होतं आणि बाकीचा कळप पांगला होता. तो कुठे पांगला हे सांगायचं काम बायनाबाईचं. सासूबाईंनी परत विचारलं. शेवटी तिच्या दंडाला हात लावला, तेव्हा ती वळली.

"काय म्हणलात, अक्का?"

मी बांधावर चहाची किटली घेऊन उभी होते. माझ्या लक्षात आलं ते सासूबाईंच्याही आलं. एरवी बडबडीशिवाय ज्यांना चहा गोड लागत नाही, त्या आमच्या सासूबाईंनी, सुंदरबाईंनी, त्या दिवशी कप गपचूप रिकामा केला.

आमचं रान बीडजवळच्या पालीच्या पुढे, धरणाच्या अंगाला. पाण्याचं सुख आहे तसा डुकरांचा जाचही आहे. वनखात्याच्या परवानगीनं ती मारता येतात आणि परवान्याची रायफल सासूबाईंच्या नावावर आहे. मामंजी गेले तेव्हा भावकीला वाटलं होतं, बाईमाणूस आहे, रायफल जमा करेल नाहीतर पुतण्याला देईल. बाईमाणसानं ती उचलून खांद्याला लावली, ती साठी उलटली तरी खाली ठेवलेली नाही. 

बायनाबाई आमच्या शेजारच्या रानातली. दोघींची कामाची रीत ठरलेली. सासूबाई बांधाला टेकून बसायच्या, बायनाबाई त्यांच्या उजव्या हाताला जरा पुढे. ऊस कुठे मोडतोय ते ती कानानं टिपायची. बोललं तर डुक्कर उधळतं, म्हणून सासूबाईंच्या गुडघ्यावर हात दाबायची. डावा गुडघा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे. गोळी सुटली की रायफल असा दणका द्यायची की सासूबाईंचे डोळे मिटायचे आणि नळी आभाळात जायची. लागली का चुकली, ते बायनाबाईनं सांगायचं.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या खांद्यानं दगा दिला. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता बंदूक बंद. पुतण्या विजयसिंह एवढ्यावरच टपून बसलेला. त्याला रायफल रानासाठी नको होती, जीपच्या पुढच्या सीटवर लोकांना दिसावी म्हणून हवी होती. सासूबाई ऐकेनात, तेव्हा बंदुकीच्या दुकानात नेऊन त्यानं नळीच्या तोंडाला आटे पाडून घेतले आणि मझल ब्रेक बसवून आणला. बोटाएवढं लोखंडी नळकांडं, दोन्ही अंगांना खाचा. गोळीमागचा वायू त्या खाचांतून बाजूला निघतो आणि खांद्याला बसणारा दणका निम्मा होतो. त्यानं मनात धरलं असेल, आज ना उद्या आपल्याच खांद्याच्या कामी येईल.

खोटं कशाला बोलू, ब्रेक कामाचा होता. पहिली गोळी झाडली आणि सासूबाई लहान पोरीसारख्या हसल्या. खांदा दुखला नाही, नळी उडाली नाही, आणि जन्मात पहिल्यांदा आपली गोळी लागताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. पण मागे यायचं ते सगळं आता बाजूला जात होतं. धुरळा उठायचा, आणि आवाज असा फाटायचा की इकडे बांधावर माझ्या दातांत कळ यायची. बाजूला तर बायनाबाई बसलेली.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच तिला नेलं. डावा कान गेलाय म्हणाले, उजवा सांभाळा.

संध्याकाळी विजयसिंह आला. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं.

"त्यात काय एवढं, काकू. कानात बोळे घालायचे."

"बोळे घातल्यावर तिला डुक्कर कसं आयकू येईल?"

"मग दुसरी बाई बघा. न्हाईतर बाई पाहिजेच कशाला? आता तुमचं तुमालाच दिसतंय की कुठं लागली ते."

बायनाबाई तिथेच पायरीवर बसली होती. जणू तिचे दोन्ही कान गेलेत, अशा थाटात हा बोलत होता.

बायनाबाई हळू आवाजात म्हणाली, "अक्का, ऱ्हाऊ द्या तो बिरेक. तुमचा खांदा मोडल्यावर मला काय गोड लागंल का? मला अजून एक कान हाय."

"तुझा कान काय माझ्या मालकीचा हाय का?" सासूबाई उसळल्या. "बंदूक माझी, खांदा माझा. तिचा दणका मी खाईन. तू कावून खायचा? वनमाला, पाना आण."

मी पळत जाऊन पाना आणला. सासूबाईंनी ब्रेक आवळून धरून फिरवला आणि विजयसिंहाच्या हातावर ठेवला. "हे तुझं तुला."

"काढलात ना? मग एक डुक्कर पाडून दाखवा. न्हाई जमलं तर सही करायची, रायफल माझ्या नावावर."

"सही-बिही काय न्हाई. बघायचं आसंल तर ये सकाळी."

तो आला, पांढरे बूट घालून. बायनाबाई या वेळी सासूबाईंच्या डाव्या हाताला, मागे सरकून बसली, म्हणजे त्यांचं बोलणं चांगल्या कानावर पडेल. बराच वेळ काही हललं नाही. मग तिनं हात लांबवून डावा गुडघा दाबला आणि लगेच चांगल्या कानात बोट घातलं. सासूबाईंनी चाप ओढला. दणक्यानं त्या मागे बांधावर आदळल्या, डोळे गच्च मिटलेले.

"लागली का गं?"

"चुकली," विजयसिंह हसत म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे मानही वळवली नाही. तळहात कानामागे धरून बायनाबाई ऐकत होती. 

"चुकली, अक्का. नाल्याकडं पळाली समदी."

"मग, काकू?"

"मग काय? ती उद्या परत येतील, आमीबी येऊ. तू चहा घे अन् जा."

"पुढल्या टायमाला परवाना नवा करायला डॉक्टरचा कागद लागंल. कोण दील तुमाला?"

"तवाचं तवा बघू. आज परवाना माझ्या नावावर हाय." सासूबाईंचा उजवा हात वर होत नव्हता. त्यांनी डाव्या हातानं रायफलचा बोल्ट मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर काढलं. तो चहा न घेताच गेला.

दुपारी खांदा काळानिळा पडला. ओट्यावर मी मिठाच्या पुरचुंडीनं शेकत होते, शेजारी बायनाबाई शेंगा फोडत होती. सासूबाईंना कळा येत होत्या, पण तोंड काही बंद नव्हतं. उद्या नाल्याच्या तोंडालाच बसू, वारं तिकडून येतं, डुकरांना आपला वास लागायचा नाही, असं सगळं त्यांचं चाललं होतं. बायनाबाई शेंगा फोडत राहिली.

सासूबाईंच्या ते ध्यानात आलं. मग हात पोटाशी धरून उठल्या, बायनाबाईला वळसा घालून तिच्या उजव्या कानाच्या अंगाला जाऊन बसल्या, आणि पहिल्यापासून परत सांगायला लागल्या. मी पुरचुंडी घेऊन त्यांच्या मागून तिकडे गेले.