पात्यावरची लाल रेघ

दसऱ्यानंतर शिरोलीच्या फाउंड्रीत मी मोटारी आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या जहाजाच्या पंख्याचं पातं तपासत होते. काशाचं, माझ्याहून उंच. लाल रंग लावून पुसायचा, वर पांढरी फवारणी करायची. तडा असेल तिथे लाल उमटतं.

बुडाशी लाल रेघ उमटली. आता पातं पुन्हा ओतावं लागणार होतं.

“मॅडम, कुंकू हाय त्ये,” साचे करणारे अण्णाप्पा पुटपुटले. “खंडेनवमीला मीच लावलंतं. पुसाय मन झालं न्हाय.”

“आणि नारळ कशावर फोडलात?”

“उंबऱ्यावर की!”

पुसून पुन्हा तपासलं. पातं पांढरंशुभ्र राहिलं.

“अशी चार पाती फिरली, की शेकडो मोटारी, हजार माणसं समुद्र ओलांडतात,” मी म्हटलं.

 अण्णाप्पांनी खिशातून कुंकवाची पुडी काढली. या वेळी पात्याला लावायला बोट मीच पुढे केलं.