ताईंची टाळी

लेक तीन वर्षांची झाली तरी चालत नव्हती, म्हणून तिला फिजिओथेरपीला घातलं. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला बाहेर बसवलं. "आई समोर असली की मुलं लाडात येतात," म्हणाल्या.

मी दाराच्या काचेला नाक लावून बघायचे. घरी माझ्या कडेवरून खाली न उतरणारी ही बया, ताईंनी गुडघ्यांवर बसून टाळी वाजवली की आधाराचे दांडे सोडायची आणि लटपटत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायची. नवरा खूश. माझ्या मात्र पोटात दुखायचं. नऊ महिने वागवलं मी, आणि गळामिठी या ताईला?

काल घरी मीही ताईंसारखे केस वर बांधले, गुडघ्यांवर बसले आणि टाळी वाजवली. लेकीनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"ताई आली?" म्हणाली, आणि भिंत सोडून चक्क चालत दारापर्यंत गेली.

आज तिथल्या मोठ्या मॅडमनी विचारलं, "आमच्या कामावर समाधानी आहात ना?"

"अगदी. आता घरीही चालते," मी म्हणाले. "तेवढ्या ताई बदलून द्या."