बंद वाटलेली बस

सत्तावीस वर्षं डिझेलची बस चालवली मी, आणि विजेच्या बसच्या परीक्षेला मी घाबरलो. शहरातला धूर कमी करायचा म्हणून डेपोतल्या जुन्या गाड्या जाणार होत्या. पास होईल तो स्टिअरिंगवर, नापास होईल तो गोदामात टायर रचायला. त्यात परीक्षा घेणारी माझीच मुलगी. परक्यासमोर फजिती एक वेळ चालते, पोटच्या पोरीसमोर नाही.

फेरी मात्र झकास झाली. चार्जिंगच्या भिंतीसमोर गाडी थांबवून मी उतरलो. आवाज नाही, थरथर नाही. माझ्या लेखी गाडी बंद होती. जुन्या गाड्यांच्या हँडब्रेकचा भरवसा नसायचा, म्हणून आम्ही इंजिन बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवायचो, म्हणजे ती जागची हलायची नाही. हाताला तीच सवय. इथेही गिअर तसाच राहिला आणि हँडब्रेक ओढायचा राहिला.

लेक बसकडे पाठ करून, वाकून, भिंतीवरची जाड केबल सोडवत होती.

"उगाच घाबरलात, बाबा. आई सांगत होती, दोन दिवस धड जेवला नाहीत."

तेवढ्यात टायर फिरताना मला दिसला. बस तिच्याकडे सरकत होती, आणि मागे वळून पाहावं असा कसलाच आवाज नव्हता. ओरडायचं सुचलंच नाही, मी दाराकडे धावलो. वर कसा चढलो आठवत नाही. गुडघा पायरीवर आपटला. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. समोरच्या काचेतून ती दिसत नव्हती. मला वाटलं, संपलं सगळं.

मग तिचं डोकं वर आलं. सरळ होताना तिची पाठ बंपरला टेकली.

"एवढी पुढे घेतलीत होय?" तिला काहीच कळलं नव्हतं. अंग चोरून ती बाहेर आली, फॉर्म काढला. "पास लिहिते. आता तरी चहा पाजा."

गप्प बसलो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण उद्या याच गाडीसमोरून शाळेची पोरं रस्ता ओलांडणार होती.

"लिहू नकोस," मी म्हणालो. "मी उतरलो तेव्हा गाडी चालूच होती. तू वाकली होतीस, आणि ती आपली आपण पुढे आली."

तिने बसकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मधे जेमतेम हातभर जागा. पेन फॉर्मवर टेकेना. शेवटी तिने फॉर्म माझ्यापुढे धरला.

"तुम्हीच करा खूण, बाबा. माझ्याच्याने होत नाही."

मी 'नापास'वर खूण केली. ती वेडीवाकडी आली.