हळदीच्या फडक्यावरचं रक्त

रेशमाच्या अळ्यांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाकाला पदर लावून जाणाऱ्या शेजारणीही टाचा उंचावून बघत होत्या. अळ्या कुणाच्या पायगुणाने मरताहेत ते सांगायला बोलावलेल्या महाराजांनी हळदीत रंगवलेलं पिवळंधमक फडकं पसरलं आणि चिमटीत एक अळी धरली.

"ही मुकी आहे, पण खोटं बोलणार नाही! अपशकुनी माणसाचं नाव निघालं, की रक्त ओकेल."

सासूबाईंचं नाव झालं, मोठ्या सुनेचं झालं. अळी गप्प. धाकटीचं नाव निघालं आणि फडक्यावर लालभडक डाग उमटला.

"अरे देवा!" गर्दी मागे सरली.

आधी दोनच तबकांतल्या अळ्या मरगळल्या होत्या. महाराजांचं अमृतजल पाल्यावर शिंपडायला लागल्यापासून आठ दिवसांत सगळी शेड आडवी झाली. खापर मात्र धाकटीच्या डोक्यावर. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. कौल लागला, की कायमचं माहेर. पण तीन वर्षं रोज अळ्या हाताळणारी बाई ती. रडतानाही तिने पाहिलं, की महाराजांनी तिच्याच नावाला चिमूट आवळली.

डोळे पुसून तिने दुसरी अळी उचलली. "आता महाराजांचं नाव घेते." आणि दाबली. पुन्हा लाल!

"विटाळली ती अळी!" महाराज ओरडले.

"विटाळली नाही, ओकली," नणंद पुढे झाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. "दाबली की अळी पोटातला रस ओकते, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. हळदीवर कुणी ओकवली नव्हती, एवढंच. आपल्या पोटात आंबट रस, तिच्या पोटात उलट, साबणासारखा. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतोच ना?"

तिने अमृतजल त्या 'रक्ता'वर ओतलं. बघता बघता डाग पिवळा झाला.

"आंबट लागलं की लाल पुन्हा पिवळं होतं. वास घ्या, लिंबूपाणी आहे हे! अळीचे पाचक रस तिच्या त्या साबणासारख्या पोटातच नीट काम करतात. आंबट पाजत राहिलात तर ते मंदावतात. पोटात पाला असून अळी उपाशी!"

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं.

"हात जोडायच्या आधी समोरच्याच्या हाताकडे बघत जा," नणंदेने गर्दीला सुनावलं. "कळलं नाही तर विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत."

सासूबाईंनी पिशवी उचलून आत नेली. "पाला धुऊन घाल गं," बाहेर येऊन त्या पुटपुटल्या.

"घालते," धाकटी म्हणाली. "पण आई, तुम्ही अळीला विचारलंत. मला एकदा विचारायचं होतं."